अर्ध्या ओळीवर थांबलेली वाकळ

मी यादीशिवाय घराबाहेर पडत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचं ऑफिस मी सांभाळते. कुणाची फाईल कुठं आहे, जनरेटरचं डिझेल कधी भरायचं, कोणते डॉक्टर कधी रजेवर, हे सगळं माझ्या वहीत असतं. तिथली मंडळी माझ्यामागं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. घरीही माझी तीच रीत. सकाळी कामं लिहायची, संध्याकाळी झालेल्यांवर रेघ मारायची, राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. माझं काम सहसा फार पानं पुढं सरकत नाही. एक काम मात्र मी वर्षभर उतरवत राहिले. 'वाकळ पुरी करणे.'

वाकळ म्हणजे गोधडी. पुण्याकडं गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे, वर ठिगळं लावायची आणि सगळं मिळून हातानं दाट शिवून काढायचं.

आई गेल्यावर तिची ट्रंक कुरुंदवाडला अक्काकडं आली. अक्का माझी थोरली बहीण. तिथल्या पेठेत दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. पावसाळ्यात नदीचं पाणी गावात शिरतंय अशी बातमी आली, की अक्का सगळ्यात आधी ती ट्रंक माळ्यावर चढवायची. खाली दाजी ओरडत असायचे, "साखरंची पोती भिजाय लागल्यात, आन् तू लुगडी चढीव वर!"

"साखर कुनीबी दील," अक्का वरून म्हणायची. "आईची लुगडी कोन दील?"

एका उन्हाळ्यात मी गेले होते तेव्हा ट्रंक उन्हात ठेवली होती. आत आईची इरकली लुगडी, काही विरलेली, काही नुसती घडीवर चिरलेली, आणि खणांच्या चोळ्या. मी म्हटलं, हे असं किती दिवस ठेवायचं, काहीतरी एक ठरवू. अक्का म्हणाली, "वाकळ शिवूया. आई शिवायची तशी. दोघी मिळून."

"झाल्यावर कुणाकडं राहणार?"

"आदी शिवू. मग भांडू."

आईची पद्धत अशी होती. वाकळीला दोघी बसायच्या, समोरासमोर. एकीनं एका टोकाकडून ओळी घालत यायचं, दुसरीनं दुसऱ्या टोकाकडून. दोघी सरकत सरकत मध्ये यायच्या. मधलं एक ठिगळ शेवटपर्यंत मोकळं ठेवायचं, आणि दोन्ही बाजू भेटल्या की त्या ठिगळाखाली भाकरीचा एक घास ठेवून ते शिवून टाकायचं. "वाकळीला उपाशी ठिवू न्हाई," आई म्हणायची. "जल्मभर दुसऱ्याला ऊब देनार, आन् तिच्या पोटात काय न्हाई?" घास पोटात गेला की वाकळ झाली. त्याच्या आधी ती कुणी अंगावर घ्यायची नाही.

मी रविवारच्या रविवारी कुरुंदवाडला जायला लागले. सकाळची एसटी, संध्याकाळी परत. माडीवर चटई अंथरून आम्ही बसायचो. मी पट्टी आणि खडू घेऊन गेले होते. माझ्या बाजूला मी आधी रेघा आखून घेतल्या, दोन ओळींत बोटाचं अंतर, आणि त्या रेघेवरून टाके घालत गेले. अक्कानं खडूला हात लावला नाही. ती नजरेनं शिवायची. तिची ओळ एका कडेला निघायची आणि नदीसारखी वळणं घेत दुसऱ्या कडेला पोचायची. टाके कुठं बारीक, कुठं लांब. बोलण्यात रंगली की लांब, आणि ती बहुतेक वेळ बोलण्यातच रंगलेली असायची.

"बारके," ती मला म्हणायची, "तुझी ओळ बघिटली की वाटतंय हितं सही करायची हाय."

"आणि तुझी बघितली की वाटतं कोंबडी चालून गेली."

"जाऊ दे की. कोंबडीला बी थंडी वाजती."

मी सांगितलं होतं, दिवाळीच्या आत झाली पाहिजे. माझ्या ओळी, तिच्या ओळी, एका रविवारी किती होतात, सगळा हिशेब मी मांडून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिवाळीत काय वाकळ खानार हैस व्हय?"

जेवायच्या आधी दाजी वर यायचे. अक्काला साखरेचा आजार होता आणि रोज इन्शुलीन घ्यावं लागायचं. ते टोचायचं काम दाजींचं. ते सिरिंजचं नारिंगी टोपण दातात धरायचे, अक्का पदर बाजूला घ्यायची, आणि हातातली सुई तशीच धरून मला म्हणायची, "बघ. ह्यो मला टोचतो, मी वाकळीला टोचतो." मग दाजी टोपण परत सुईवर बसवून ती सिरिंज एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचे. तसं करायला मीच शिकवलं होतं त्यांना. वापरलेल्या सुया कचऱ्यात उघड्या टाकायच्या नाहीत. "म्याडमचा आडर हाय," असं म्हणत ते खाली दुकानात जायचे. मला ते म्याडमच म्हणतात, माझ्या लग्नाच्या आधीपासून.

दिवाळी आली आणि गेली. वाकळ झाली नाही. अक्काच्या पायावर सूज यायला लागली होती आणि तिला फार वेळ मांडी घालून बसता येत नव्हतं. दवाखान्यात काम करत असल्यामुळं तिचे रिपोर्ट मला वाचता येत होते. ते वाचायला येत नसते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

शेवटच्या रविवारी ती एका ओळीच्या मध्यावर थांबली. "डोळ्याम्होरं अंधारी येतीया," म्हणाली. "फुडल्या आयतवारी." हातातली सुई तिनं बायका ठेवतात तशी कापडात एकदा खाली-वर खोवून ठेवली. दोरा सुईतच होता. मी वाकळीची घडी घातली, सुई आत राहील आणि कुणाला लागणार नाही अशी.

पुढच्या रविवारच्या आत तिला कोल्हापूरला आणावं लागलं. मार्गशीर्षात ती गेली.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दाजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकान बंद होतं. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी जरा सरकून जागा केली. मग म्हणाले, "म्याडम, ती वाकळ मला पायजे."

"पुरी करून देते," मी म्हणाले.

त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून रस्त्यावर टाकला.

"कधीपर्यंत हवी?"

"दे की कवाबी."

"असं नको. तारीख सांगा. मग माझ्याकडून होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुकताच डोक्यावरून वस्तरा फिरवलेला, चेहरा ओळखू येत नव्हता. "मग वरसाच्या आत दे," ते म्हणाले. मी पर्समधून वही काढली आणि तिथंच लिहून ठेवलं. आता आठवतं तेव्हा ती वही काढलेलीच आठवते. पण त्या दिवसांत हातात काहीतरी काम असल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं.

वाकळ मी राजारामपुरीत आणली. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली शिकवणीचे वर्ग, रविवारी सकाळपासून जिन्यात मुलांची ये-जा. सोफा भिंतीला सरकवून मी हॉलमध्ये वाकळ पसरायची. नवरा पेपर घेऊन गॅलरीत जायचा. तो स्वभावानं गप्प माणूस आहे. फक्त एकदा म्हणाला, "दोघींची वाकळ एकटीनं शिवताना अवघड जात असेल."

"अवघड काय त्यात? रेघ आखलेली आहे," मी म्हणाले.

एकटीनं शिवताना कापड एका बाजूनं ओढलं जातं, कारण समोर धरणारं कुणी नसतं. मी पलीकडच्या टोकावर वरवंटा ठेवला. काम चांगलं चाललं होतं. वर्षश्राद्ध मार्गशीर्षात, पण मी माझ्यासाठी गणपतीपर्यंतची मुदत धरली होती, कारण ऐनवेळी काही ना काही निघतंच. आणि खरोखरच गणपतीच्या आधी माझी बाजू संपली. ओळीमागून ओळ घालत मी मध्यापर्यंत आले. मधल्या ठिगळाभोवतीचं शिवून झालं. ते हिरव्या खणाचं ठिगळ, आईच्या चोळीचं, तीन कडांनी शिवून एका कडेनं मोकळं ठेवलं, घासासाठी.

आता राहिलं काय, तर अक्काची ती शेवटची ओळ. निम्मी झालेली. निम्म्यावर सुई.

एका तासाचं काम होतं.

पहिल्या रविवारी मी बसले आणि सुईला हात लावला. सुईतला दोरा अक्कानं ओवलेला होता. ती दोरा कात्रीनं कापायची नाही, दातानं तोडायची, त्यामुळं त्याचं टोक पिंजल्यासारखं झालं होतं. मी विचार केला, हीच सुई उचलून पुढं चालू ठेवायचं. मग तिचा टाका आणि माझा टाका एकाच दोऱ्यात येणार. तिची ओळ कुठं संपली ते परत कधी कळणार नाही. मी हात मागं घेतला. दुसरी सुई घेऊन पलीकडच्या कडेनं यायचं आणि तिच्या सुईपाशी थांबायचं, असाही एक मार्ग होता. तसं केलं तर सुई शेवटी काढावीच लागणार, कारण सुई असलेली वाकळ कोण पांघरणार? त्या दिवशी मी घरातले सगळे पंखे पुसून काढले.

दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी मी पाहुणे बोलावले.

दाजींचा अधूनमधून फोन यायचा. तेल-डाळीचे भाव, पाण्याची पातळी, पुण्यात त्यांच्या मुलीचं कसं चाललंय, असं सगळं बोलून झालं की शेवटी म्हणायचे, "वाकळ झाली काय, म्याडम?"

"होत आली."

"सावकाश होऊ दे."

पावसानं त्या वर्षी लवकर उसंत दिली नाही. भिंतींना ओल आली, कपाटात कपड्यांना वास यायला लागला. एक दिवस वाकळ उघडून बघितली तर सुईवर तांबूस ठिपके दिसले. गंज.  गंज चढला तर सुई कापडात धरणार, मग ओढून काढताना कापड फाटणार, नाहीतर दोरा तुटणार. माझ्यासारखी बाई अशा वेळी जे करेल ते मी केलं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि सुईवर एक थेंब सोडला.

थेंब सुईवर राहिला नाही. सुईच्या अंगावरून घसरून तो कापडात उतरला, आणि इरकलीच्या निळ्या रंगात काळसर डाग माझ्या डोळ्यांदेखत पसरत गेला. मी टाल्कम पावडर टाकली, वर कागद ठेवून इस्त्री फिरवली, परत पावडर टाकली. डाग फिका झाला, गेला नाही. अक्काच्या सगळ्या वाकड्या ओळींत एवढंच एक माझं काम दिसत होतं.

त्यानंतर मी वाकळ कपाटात वरच्या खणात ठेवली. वहीत रोज लिहीत राहिले आणि रोज पुढच्या पानावर उतरवत राहिले. नवऱ्यानं एकदा विचारलं, "फार राहिलंय का?" मी म्हटलं, "थोडं." तो म्हणाला, "मग?"  मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते की थोडं राहिलेलं काम आधी उरकावं.

वर्षश्राद्धाला आम्ही सकाळीच कुरुंदवाडला पोचलो. वाकळ मी जुन्या चादरीत बांधून नेली होती. गाठोडं माडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात शिरले. भाची आदल्या दिवशीच पुण्याहून आली होती. अक्काची ही एकुलती एक मुलगी माझ्यावर गेली आहे, असं अक्का म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची की कसं ते मला कधी नीट कळलं नाही. वड्यांचं पीठ कुठं, पानं किती, ब्राह्मण किती वाजता येणार, सगळं तिच्या मोबाईलमध्ये होतं.

विधी झाला, पंगत उठली. शेजारच्या काकू, ज्या अक्काच्या लग्नापासून भिंतीला भिंत लावून राहतात, त्या तेवढ्या मागं थांबल्या. दाजी माडीवर येऊन कॉटवर बसले. "दाव बघू," ते म्हणाले.

मी गाठ सोडली आणि वाकळ चटईवर पसरली. जिथं ती वर्षापूर्वी असायची, तिथंच.

"लई झ्याक झालीया," काकू म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "आन् हे काय? सुई ऱ्हायली की गं आत!"

"अक्काची आहे," मी म्हणाले.

 दाजी कॉटवरून उतरून खाली बसले. त्यांनी सुईला हात लावला नाही. तिच्या मागच्या टाक्यांवरून बोट फिरवत नेलं, उलट्या दिशेनं, ओळ जिथून सुरू झाली होती तिथपर्यंत.

"ही आशीच हुती?"

"अशीच."

"मावशी, राहिलंय किती?" भाचीनं विचारलं.

"ही अर्धी ओळ. आणि ठिगळाची एक कड."

"म्हणजे?"

"तासाभराचं काम."

"मग वर्षभर काय केलंस?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. तिला मी तारखा पाळणारी मावशी म्हणून माहीत होते, तिच्या फीच्या तारखासुद्धा मीच तिच्या आईबापांना आठवण करून द्यायचे. मी म्हणाले, "जमलं नाही." 

"आता करूया मग," काकू म्हणाल्या. "आज तिचाच दिस हाय. तिघी बसलो तर चा उकळूस्तवर हुतंय. थांब, घास आनतो." आणि त्या खरंच खाली जाऊन नैवेद्याच्या पानातला भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. भाचीनं बाह्या मागं सारल्या. "मी सुई काढते," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला.

"थांब," दाजी म्हणाले.

ती थांबली.

"ऱ्हाऊ दे."

"अहो बाबा, सुईसकट कशी पांघरणार तुम्ही? टोचेल की."

"टोचू दे की," दाजी म्हणाले. "मी काय तिला कमी टोचलंय?" आणि ते हसले. काकूंनी तोंडाला पदर लावला. भाची उठून जिन्याकडं गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी भाकरीचा तुकडा मुठीत धरून तशीच बसून राहिले. वर्षभर मी पुरी न केलेली वस्तू आता ते अपुरीच मागत होते, आणि मला नाही म्हणायचा हक्क नव्हता. दाजींनी स्वतः वाकळीची घडी घातली. पुरुषासारखी घातली, कडेला कड न जुळवता. कॉटवर भिंतीकडची अक्काची बाजू होती, तिथं ती ठेवली.

परतीच्या वाटेला नवरा गाडी चालवत होता. पूल ओलांडताना मी रुमाल काढायला पर्स उघडली, तर आत तो भाकरीचा तुकडा. कधी टाकला मला आठवत नव्हतं. एव्हाना वाळून कडक झाला होता. नदीत टाकावा असं मनात आलं. नवऱ्यानं गाडी हळू केली, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मी तो तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. वाकळ उपाशीच राहिली.

त्या रात्रीच्या पानावर मी काहीच लिहिलं नाही. त्यानंतरही ते काम उतरवलं नाही. ज्या कामाची मुदत गेली आणि ज्याची वस्तूही हातातून गेली, ते कुठल्या पानावर लिहायचं, याचा नियम माझ्याकडं नव्हता.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी एकटीच कुरुंदवाडला गेले. थंडी कडक होती, उसाच्या फडांवर सकाळी धुकं पडत होतं. दाजी दुकानात गिऱ्हाईक करत होते. "वर जाऊन बस, म्याडम," म्हणाले, "आलोच." मी माडीवर गेले. कॉटवरची अंथरुणं तशीच होती, एकट्या माणसाची असतात तशी. वाकळ उशीपासून खाली अर्ध्या कॉटपर्यंत पसरली होती. मधोमध दुमडलेली. जवळ जाऊन बघितलं तर दुमडीपाशी काहीतरी नारिंगी दिसलं.

अक्काच्या सुईच्या टोकावर इन्शुलीनच्या सिरिंजचं टोपण बसवलं होतं. घट्ट. वर चिकटपट्टीचा एक वेढा.

दाजी जिन्यात येऊन उभे राहिले होते.

"डब्यात लई हायती तसली," ते म्हणाले. "तूच साठवाय सांगिटल्यालं."

"तुम्ही पांघरता?"

"रोज."

"पण अशी दुमडून? निम्मीच?"

"निम्मीच घितो."

मी बघितलं. वरच्या बाजूला अक्काच्या ओळी होत्या. माझी सरळ शिवलेली बाजू खाली, आत दुमडलेली. दाजींच्या लक्षात आलं असावं. ते जरा ओशाळले आणि मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझं टाकं लई सरळ हायती, म्याडम. त्येच्याखाली झोपलं की वाटतंय दवाखान्यात ठिवलंय."

मी हसले. तेही हसले. मग कॉटच्या कडेवर बसून त्यांनी वाकळीवर हात ठेवला. "हिचं टाकं अंधारात हाताला लागत्यात," ते म्हणाले. "हितं लांब, हितं बारीक. हितं ती बोलत असणार."

थोड्या वेळानं मी विचारलं, "मला आधी का नाही म्हणालात? निम्मीच हवी होती तर?"

"मी म्हटलं हुतं की, वाकळ पायजे म्हणून. तू म्हणालीस पुरी करून देतो." ते हात फिरवत राहिले. रागावून बोलत नव्हते. "हिची बाजू तर तवाच झालती."

खालून कुणीतरी साखरेसाठी हाक मारली. दाजी उठले. जाताना त्यांचे पाय मला दिसले, टाचा भेगाळलेल्या, थंडीनं पांढुरक्या पडलेल्या.

"अर्ध्या वाकळीत पाय गार पडत नाहीत का?" मी विचारलं.

"पडत्यात," ते जिन्यातून म्हणाले. "मग काय करायचं?"

मी तिळगुळाचा डबा कॉटवर ठेवला. वाकळीची घडी नीट करावीशी वाटली, पण केली नाही. पर्समधून वही काढली आणि उद्याच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं: 'दाजींना लोकरीचे पायमोजे. विकतचे. उद्याच पाठवणे.'